नदी एक, शेजारी तीन : आंतरराज्य पाणी करार आणि नदीकाठची शेती

धानाच्या बांधीत ज्याने आयुष्य घालविले त्याला शेजारधर्म म्हणजे काय हे वेगळे सांगण्याची गरज नाही. वरच्या बांधीवाल्याने ऐन निसवणीच्या वेळी पाणी अडवून धरले तर खालच्याचा धान पोचट राहतो. उलट अतिवृष्टीच्या रात्री त्याने न सांगता धुरा फोडला तर खालच्याचे पऱ्हे वाहून जातात. पाणी तेच, शेजारीही तोच; फरक पडतो तो सांगण्याने आणि ठरविण्याने. बांधीच्या जागी राज्य आणि धुऱ्याच्या जागी धरण असे समजले की ज्याला वर्तमानपत्रांत आंतरराज्य पाणी करार म्हणतात तो विषय बराचसा समजतो. देशादेशांमधील नदी कराराचे मूळही हेच आहे.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना हा विषय इतर कोणापेक्षाही जवळचा आहे. वैनगंगा मध्य प्रदेशातून येते. पैनगंगेला पोटात घेऊन वर्धा राजुरा, बल्लारपूरकडून खाली उतरते. या दोघींचा संगम होऊन प्राणहिता बनते आणि पुढे सुमारे ११३ किलोमीटर महाराष्ट्र व तेलंगणच्या सीमेवरून वाहत सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. त्याच तालुक्यात पूर्वेकडून इंद्रावती येते, तिच्या पलीकडे छत्तीसगड. म्हणजे एका बाजूस मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूस तेलंगण आणि तिसऱ्या बाजूस छत्तीसगड असे तीन शेजारी आपल्या नद्यांना आहेत. यांपैकी मध्य प्रदेश आपल्या वरच्या बांधीत आहे आणि तेलंगण खालच्या. सबब एकाकडे जी तक्रार आपण करतो, नेमकी तीच दुसरा आपल्याकडे करू शकतो. हे ध्यानात ठेवूनच पुढील माहिती वाचावी.

शेजाऱ्यांची नावे बदलली, नदी तीच

राजुरा तालुका १९५६ पूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यानंतर नदीपलीकडचा मुलूख आंध्र प्रदेश झाला आणि २ जून २०१४ पासून तेलंगण. इंद्रावतीपलीकडचा भाग मध्य प्रदेशात होता, तो १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड झाला. आपला गडचिरोली जिल्हाही १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. रेषा अशा सरकत राहिल्या तरी सिरोंचाच्या बाजारात मराठी आणि तेलुगू एकाच पारड्यात तोलली जाते, लेकीबाळी दोन्ही काठांवर दिल्याघेतल्या जातात. पलीकडे कालेश्वरचे देऊळ आणि अलीकडे सिरोंचाचा घाट. पुष्कर मेळ्याला दोन्ही काठ सारखेच भरतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये भरलेला प्राणहिता पुष्कर अनेकांना आठवत असेल.

रेषा नीट न आखल्याने काय होते याचे उदाहरण जिवती तालुक्यात आहे. मुकदमगुडा, परमडोली, महाराजगुडा, अंतापूर आदी १४ गावांवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. दोन रेशन कार्डे, दोन मतदार याद्या, दोन शाळा असे तेथील जीवन वर्षानुवर्षे चालले. बाहेरच्यांना याची गंमत वाटते. परंतु ज्याच्या जमिनीचा पट्टाच नक्की नाही त्या शेतकऱ्याला पीककर्ज कोणत्या बँकेने द्यावे, हा प्रश्न गमतीचा नाही.

करार म्हणजे नेमके काय ठरते?

गोदावरी खोऱ्यातील पाण्याच्या वाटपासाठी केंद्र शासनाने १९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला. लवादाने निवाडा लादण्याऐवजी राज्यांनी आपसांत केलेले करार मान्य केले, ही या लवादाची विशेष बाब होय. त्यांपैकी ६ ऑक्टोबर १९७५ च्या महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यातील करारात लेंडी, निम्न पैनगंगा आणि प्राणहिता हे तीन संयुक्त प्रकल्प तत्त्वतः मान्य झाले होते. लवादाचा अंतिम निवाडा १९८० साली आला. म्हणजे प्राणहितेवर दोन राज्यांनी मिळून काही करावे ही कल्पना कालपरवाची नाही, अर्धशतकाची आहे.

मधल्या काळात गोदावरीवर इचमपल्ली व इंद्रावतीवर भोपालपट्टणम हे मोठे प्रकल्प कागदावर आले. त्यांच्या बुडिताखाली जंगल आणि आदिवासींची गावे जाणार होती. १९८० च्या दशकात बाबा आमटे व आदिवासी नेत्यांनी त्यास विरोध केला आणि ते प्रकल्प झाले नाहीत. त्याच सुमारास १९८० चा वनसंवर्धन कायदा आल्यावर आपल्याकडील तुलतुली, कारवाफा, चेन्ना हे प्रकल्पही अडकले. परिणामी तीन मोठ्या नद्यांच्या कुशीत असूनही या भागातील बहुतेक शेती पावसावर आणि मामा तलावांवरच राहिली. पाणी डोळ्यांसमोरून जाते, शेतात येत नाही, ही येथील शेतकऱ्याची जुनी खंत आहे आणि ती खरी आहे.

आंध्र प्रदेशाने डिसेंबर २००८ मध्ये प्राणहिता-चेवेल्ला योजनेची कोनशिला बसविली. वर्धा व वैनगंगेच्या संगमाखाली तुम्मिडीहट्टी येथे बंधारा बांधून पाणी दक्षिणेकडे न्यावयाचे, असा बेत होता. त्याची पाणीपातळी १५२ मीटर धरली होती. यामुळे आपल्याकडील जमीन बुडते, म्हणून महाराष्ट्राने हरकत घेतली. पुढे तेलंगण राज्य झाल्यावर त्यांनी मुख्य बंधारा खाली गोदावरीवर मेडीगड्डा येथे नेला. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत दोन्ही राज्यांनी करारांवर सह्या केल्या. त्यात मेडीगड्डा येथे १०० मीटर, तुम्मिडीहट्टी येथे १४८ मीटर आणि यवतमाळ व आदिलाबादच्या सीमेवरील छनाका-कोरटा येथे २१३ मीटर अशा पातळ्या ठरल्या. मुख्यमंत्र्यांच्या स्तरावर आंतरराज्य मंडळ नेमण्याचे त्याच वर्षी मार्चमध्ये ठरले होते.

मेडीगड्डा बंधारा सुमारे १.६ किलोमीटर लांब असून त्याला ८५ दरवाजे आहेत आणि साठवण १६ टीएमसीच्या थोडी वर आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एवढ्या पाण्याने सुमारे २,८०० हेक्टर जमिनीवर एक मीटर उंचीचा थर होईल. २१ जून २०१९ रोजी कालेश्वरम प्रकल्पाचे उद्घाटन झाले त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्रीही हजर होते. शेजाऱ्याच्या घरच्या कार्याला जावे तसे. हे चित्र चांगले होते, आणि लेखकाच्या मते तो करारही वाईट नव्हता. भांडत बसण्यापेक्षा आकडा ठरविणे केव्हाही बरे. अडचण आहे ती आकडा समजून घेण्यात.

१०० मीटर म्हणजे किती?

सिरोंचा तालुक्यातील नदीकाठच्या एका मिरची उत्पादकाने मला विचारले होते, "सर, करारात शंभर मीटर लिहिलं आहे, माझं वावर त्याच्या वर आहे असं तलाठ्यानं सांगितलं. मग माझ्या मिरचीत पाणी कसं आलं?" मी कृषिविद्येचा शिक्षक, अभियंता नव्हे, त्या दिवशी त्यांना समाधानकारक उत्तर देता आले नाही. नंतर विचारपूस करून जे समजले ते येथे देत आहे, कारण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही.

करारातील १०० मीटर ही समुद्रसपाटीपासूनची उंची आहे, नदीच्या तळापासूनची नव्हे. तिला पूर्ण संचय पातळी म्हणतात. बंधाऱ्याच्या भिंतीशी पाणी अडवून, संथ ठेवून, जास्तीत जास्त कोठवर भरावयाचे त्याचा तो आकडा आहे. यात दोन शब्द महत्त्वाचे आहेत : भिंतीशी आणि संथ.

संथ पाणी सपाट असते. तलावाची एका काठाची पातळी तीच दुसऱ्या काठाची. वाहते पाणी मात्र उतरते असते. आपल्या शेतातील पाट पाहा. पाटाच्या तोंडाशी पाणी जितके उंच असते तितके शेवटाशी नसते. तसे असते तर ते वाहिलेच नसते. पाटात पाणी जोराने सोडले की हा उतार वाढतो. नदीचेही तसेच होते. समजा पुरात पाण्याचा उतार पाच हजारास एक आहे, म्हणजे दर किलोमीटरला २० सेंटीमीटर. तर बंधाऱ्याच्या भिंतीशी पाणी १०० मीटरवर असताना २० किलोमीटर वरच्या अंगास ते १०४ मीटरवर असेल. त्या ठिकाणी १०२ मीटर उंचीवर असलेले वावर करारानुसार बुडिताबाहेर आहे आणि प्रत्यक्षात दोन मीटर पाण्याखाली आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

यात आणखी एक भर पडते. गोदावरीला मोठा पूर असला की तिला मिळणाऱ्या प्राणहितेला आपले पाणी पुढे ढकलता येत नाही. ते तुंबते आणि मागे पसरते. यालाच आपण फुगवटा म्हणतो. बंधारा नव्हता तेव्हाही असा फुगवटा येत असे. वयस्कर मंडळींना जुने पूर आठवतात. बंधाऱ्याचे सर्व दरवाजे उघडले तरी खांब पात्रात उभेच असतात, त्यामुळे पाण्याला काही अडथळा होतो. पात्रात वाळू साचली तर आणखी होतो. म्हणून एखाद्या पुरात निसर्गाचा वाटा किती आणि बंधाऱ्याचा किती हे नुसते पाहून कोणालाही सांगता येत नाही. सर्व दोष बंधाऱ्याचा असे म्हणणारे जितके घाईचे, तितकेच बंधाऱ्याचा काहीच दोष नाही असे म्हणणारेही.

जुलै २०२२ च्या मध्यास गोदावरीला आलेला पूर असाच होता. मेडीगड्डा येथून सुमारे २८ लाख क्युसेक पाणी गेले. खाली भद्राचलम येथे नदीने ७१ फुटांची पातळी ओलांडली आणि तेलंगणचे स्वतःचे पंपगृहही पाण्याखाली गेले. आपल्याकडे सिरोंचा तालुक्यातील अनेक गावे रिकामी करावी लागली. कापूस, मिरची, धान तर गेलेच, पण काही ठिकाणी वरची माती खरडली गेली व काही ठिकाणी वाळूचा थर बसला. आरडा, नगरम, पेंटिपाका, अंकिसा अशा गावांतील शेतकऱ्यांनी जमिनी रीतसर संपादित करून मोबदला द्यावा यासाठी आंदोलने केली. पीक गेले तर एक हंगाम जातो. माती गेली तर त्या शेतकऱ्याच्या मुलाचेही हंगाम जातात.

२१ ऑक्टोबर २०२३ रोजी मेडीगड्डा बंधाऱ्याचे काही खांब खचले आणि साठा सोडून द्यावा लागला. त्यानंतर तेलंगणने तुम्मिडीहट्टीचा विचार पुन्हा सुरू केला आहे. म्हणजे जो प्रश्न सिरोंचाचा होता तो आता आष्टी, गोंडपिपरी, चामोर्शीकडील शेतकऱ्यांच्या दाराशी येऊ शकतो. तेथे पातळी १४८ मीटरच राहावी की एक-दोन मीटरने वाढावी, यावर बोलणी होतील तेव्हा एका मीटरचा अर्थ आपणास ठाऊक असावा. काठाच्या जमिनीचा चढ २०० ला १ असेल तर पाणी एक मीटर चढल्यास २०० मीटर रुंदीचा पट्टा बुडतो, म्हणजे काठाच्या दर किलोमीटरला २० हेक्टर. चढ ५०० ला १ असा मंद असेल तर ५०० मीटर रुंदीचा, म्हणजे ५० हेक्टर. आणि नदीकाठची सर्वांत सपाट जमीन हीच बहुधा सर्वांत कसदार गाळाची जमीन असते.

वरच्या शेजाऱ्याकडून : २०२० चा वैनगंगेचा पूर

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली. सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवराचे पाणी वैनगंगेत आले, भंडारा शहरात शिरले. गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. ब्रह्मपुरी तालुक्यातील गावांना वेढा पडला, वडसा आणि गडचिरोलीकडील काठही बुडाले. रोवणी होऊन जोमात आलेला धान चिखलाने माखून सडला. ज्यांच्या शेतात ते पाणी आले त्यांच्यापैकी अनेकांच्या अंगणात त्या दिवशी पाऊस फारसा नव्हता. त्यामुळे पूर येतो आहे यावर त्यांचा विश्वासच बसला नाही.

पाणी सिवनीहून भंडाऱ्यास आणि तेथून ब्रह्मपुरीस येण्यास वेळ लागतो. तेवढ्या वेळात जनावरे सोडता येतात, मोटारपंप काढता येतात, बियाणे व खते माळ्यावर चढविता येतात. मात्र त्यासाठी वरच्या धरणातून किती पाणी केव्हा सोडले ही बातमी पाण्याच्या आधी पोचली पाहिजे. यास कोट्यवधी रुपये लागत नाहीत. बावनथडीवर राजीव सागर हा मध्य प्रदेश व महाराष्ट्राचा संयुक्त प्रकल्प उभा आहे. जे शेजारी एकत्र धरण बांधतात त्यांना एकमेकांस वेळेवर निरोप देणे अशक्य नसावे.

इतरांनी काय केले?

नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याचा वाद आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. आंध्र प्रदेशाचे म्हणणे असे की बाभळीत पाणी अडविल्यास श्रीरामसागर कोरडा पडेल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. बाभळीची साठवण २.७४ टीएमसीपुरती मान्य झाली. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावयाचे, १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावयाचे, आणि यावर देखरेखीसाठी केंद्रीय जल आयोगाचा एक व दोन्ही राज्यांचा प्रत्येकी एक अशी तीन जणांची समिती. पावसाळ्यात दरवाजे उघडे राहिल्याने बंधारा भरत नाही, अशी तेथील शेतकऱ्यांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. परंतु एक गुण मान्य करावा लागेल. या निकालात तारखा आहेत. दरवाजे बंद झाले की नाही हे काठावरचा कोणीही शेतकरी पंचांग पाहून सांगू शकतो. नुसत्या पातळीच्या आकड्याबाबत असे होत नाही.

देशादेशांतही हीच तऱ्हा आहे. भारत व बांगलादेश यांनी १२ डिसेंबर १९९६ रोजी गंगेच्या पाण्यासाठी ३० वर्षांचा करार केला. त्यात १ जानेवारी ते ३१ मे या उन्हाळी काळाचे दहा-दहा दिवसांचे भाग पाडले आहेत. फराक्का येथे प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे. ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशास ३५ हजार व उरलेले भारतास. ७५ हजारांवर असेल तर भारतास ४० हजार व उरलेले बांगलादेशास. पाणी जास्त असताना कोणीही उदार असतो. टंचाईच्या दहा दिवसांत कोणी किती घ्यावयाचे हे आधी लिहून ठेवणे हाच कराराचा खरा उपयोग.

सिंधू नदीचा करार १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत झाला. रावी, बियास, सतलज या पूर्वेकडील नद्या भारताकडे आणि सिंधू, झेलम, चिनाब प्रामुख्याने पाकिस्तानकडे अशी त्यात नद्यांचीच वाटणी झाली. १९६५ आणि १९७१ ची युद्धे झाली तरी तो चालू राहिला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित केला. सख्य पूर्ण आटले की कागदही थांबतो, हे त्यावरून दिसते. आपल्या सुदैवाने वर्धा, वैनगंगा व प्राणहितेचे शेजारी एकाच देशातील आहेत, एका न्यायालयाच्या छत्राखाली आहेत. तेव्हा कुरबूर कितीही झाली तरी बोलण्याची वाट बंद होत नाही.

बियाण्याला सीमा नसते

जाता जाता एक गोष्ट. आपण पेरतो त्या धानाच्या वाणांचा मूळ पत्ता पाहिला आहे का? स्वर्णा म्हणजे एमटीयू ७०२९ आणि एमटीयू १०१० हे वाण आंध्र प्रदेशातील मारुतेरू संशोधन केंद्राचे. उलट आपल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी, जबलपूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेल्या पटेल-३ या वाणाच्या धानातून वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी वाण काढला आणि तो शेजारच्या राज्यांत पसरला. पुरात तग धरणाऱ्या स्वर्णा-सब १ ची कथा याहून लांबची आहे. पाण्याखाली टिकण्याचा गुण ओडिशातील एका जुन्या धानातून आला. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत तो स्वर्णामध्ये आणण्यात आला आणि २००९ साली हा वाण भारतात प्रसारित झाला. रोवणीनंतर वाढीच्या अवस्थेत साधारण दोन आठवड्यांपर्यंत पूर्ण बुडूनही तो पुन्हा फुटतो. मात्र तो १४० दिवसांवरचा वाण आहे आणि निसवणीच्या वेळी बुडाल्यास त्याचाही निभाव लागत नाही. त्यामुळे पुराचे पाणी साचते अशा खोलगट बांधीपुरताच त्याचा विचार करावा, वरकस बांधीत नव्हे.

नदीकाठच्या शेतकऱ्यांनी काय करावे?

करार मुंबई-हैदराबादेत होतात, त्यात आपण काय करणार, असे म्हणून सोडून देऊ नये. मोबदल्याची किंवा पातळीची चर्चा होते तेव्हा टेबलावर शासनाच्या नोंदी असतात. शेतकऱ्याच्या नोंदी नसतात, कारण त्या केलेल्याच नसतात.

पूर आला की पाण्याची सर्वोच्च रेषा शाळा, समाजमंदिर किंवा पुलाचा कठडा अशा पक्क्या बांधकामावर रंगाने आखावी व शेजारी तारीख, वेळ लिहावी. झाडावर किंवा मातीच्या भिंतीवर केलेली खूण टिकत नाही. पुढे मोजणीदार अशा खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची काढू शकतो आणि मग ती करारातील आकड्याशी ताडून पाहता येते. त्याच वेळी केंद्रीय जल आयोगाच्या जवळच्या केंद्रावरील पातळी टिपून घ्यावी. वर्धेवर बामणी, वैनगंगेवर आष्टी, प्राणहितेवर टेकडा आणि इंद्रावतीवर पातागुडम येथे अशी केंद्रे आहेत. चार-पाच पुरांची जोड नोंद झाली की टेकड्याला इतके मीटर म्हणजे माझ्या धुऱ्याला पाणी, असा स्वतःचा हिशेब बसतो. तो कोणत्याही सरकारी इशाऱ्यापेक्षा कामाचा ठरतो, कारण तो आपल्या वावराचा असतो.

सात-बारावर पीक पाहणीची नोंद दर हंगामात होते की नाही हे पाहावे. नदीकाठी मिरची किंवा कापूस असताना नोंद धानाची किंवा पडीताची राहिली, तर नुकसानभरपाई त्याच हिशेबाने येते. पंचनाम्यात फक्त पिकाचे नुकसान लिहून घेऊन थांबू नये. जमीन खरडली किंवा वाळू साचली असेल तर तिचे क्षेत्र व थराची जाडी मोजून लिहावयास सांगावी.

पुराचे पाणी ओसरल्यावर प्रथम चर काढून साचलेले पाणी बाहेर काढावे. मिरचीची मुळे दोन दिवसही पाण्यात राहिली तरी झाड माना टाकते. कपाशी पाण्यानंतर ऊन पडताच एकाएकी सुकते, याला आकस्मिक मर म्हणतात. अशा झाडांना वाफसा येताच १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश व २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुडाशी १०० मिली द्रावण ओतावे व बुंध्याशी माती दाबावी. सुकण्यास सुरुवात झाल्यावर एक-दोन दिवसांत हे केल्यासच उपयोग होतो.

साचलेला थर हातात घेऊन पाहावा. मऊ पोयटा असेल तर ती नदीची देणगी समजून नांगरटीत मिसळावा. त्यावर हरभरा, जवस, लाखोळीचे कठाण चांगले येते. भरड वाळू असेल आणि थर वीतभर किंवा त्याहून जाड असेल तर तो नांगरून मिसळण्याची चूक करू नये. एकदा खाली गेलेली वाळू परत काढता येत नाही आणि जमीन कायमची ओल धरेनाशी होते. असा थर काढूनच टाकावा. पातळ थर असल्यास तलावातील गाळ किंवा शेणखत भरपूर घालून मिसळावा. खताची मात्रा जुन्या सवयीने देऊ नये, कारण पुरानंतरची माती ही आपली जुनी माती नसते. त्यासाठी थर आणि त्याखालची मूळ माती असे दोन वेगवेगळे नमुने, प्रत्येकी अर्धा किलो, स्वच्छ कापडी पिशवीत भरून, आत गट क्रमांक व पुराची तारीख लिहिलेली चिठ्ठी टाकून, सोनापूर (गडचिरोली) किंवा सिंदेवाही येथील कृषी विज्ञान केंद्रात तपासणीसाठी पोचते करावेत.